दौलतची पंगत

दारापुढं मांडव घातलेला होता आणि आतल्या खोलीत मोठी सून तापानं फणफणत पडली होती. बायजा सकाळपासून या दोहोंच्या मधे येरझाऱ्या घालत होती. बाहेर आली की हसायची, आत गेली की उंबऱ्याशी भिंतीला धरून उभी राहायची.

मांडव धाकट्यासाठी होता. दौलत मुंबईच्या कॉलेजात होता, आणि परीक्षेत गणितात तो सबंध इलाख्यात पहिला आला. ही बातमी कळली त्या दिवशी बायजाचा नवरा परशुराम आगरातून तसाच मिठानं पांढऱ्या झालेल्या पायांनी घरी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "बायजे, गावजेवन घालायचं." तीन पिढ्या माजिवड्याच्या मिठागरात उन्हाखाली वाळलेलं ते घर. त्या घरात पुस्तक उघडणारा हा पहिलाच.

तेव्हा मोठी सून तुळसा धडधाकट होती. मांडवाची जागा तिनंच सारवायला घेतली होती. तेवढ्यात ठाकुर्लीहून परशुरामाच्या बहिणीचा, आवडाबाईचा, निरोप आला की आमच्या मालनला बरं नाही, हाताखाली कोणी पाठवा. तुळसा गेली. आठवडा उलटायच्या आत आवडाबाईची ती सून, मालन, वारली. तेरावं उरकून तुळसा परतली ती आत्याला सोबत घेऊनच. मालनला साधा ताप होता, असं आवडाबाईनं सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

काल तुळसेला थंडी भरली. आज तिचं लुगडं बदलताना बायजाच्या हाताला जांघेतली गाठ लागली, लिंबाएवढी. बायजानं झटक्यात हात मागं घेतला. मग स्वतःचीच लाज वाटून तोच हात तिनं सुनेच्या कपाळावर ठेवला.

गाठीच्या तापाचं हे दुसरं वर्ष. ठाण्यात, कल्याणात, मुंबईत माणसं पटापट जात होती. माजिवडा तेवढा अजून कोरा होता.

"भायेर शब्द काढू नको," आवडाबाई चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली. "तुज्या धाकट्याला कललं ना, तर उचलून झोपड्यांत नेल तिला."

"त्याची वयनी हाय ती, वन्सं. तो तिचं वाईट करल काय?"

"तो नाय करनार. पन झोपड्यांत गेलेलं मानूस कोनी परत आलेलं बगलंस? उलटं टांगतात आन् तेल काढतात, सगलं कल्यान सांगतं. घरात हाय ती घरातच बरी. देवाच्या मनात असल तर उठल."

झोपड्या म्हणजे कल्याणबाहेर नदीकाठी गावच्या चार भल्या माणसांनी वर्गणी काढून उभारलेली आजाऱ्यांची छावणी. गेल्या वर्षी कॉलेज बंद पडलं तेव्हा दौलत तिथं गेला, आणि तेव्हापासून सुटी मिळाली की घरी यायच्या आधी तिथं जायचा. रोग्यांना उचलायचा, धुवायचा. कोण कुठल्या जातीचा ते विचारायचा नाही. गावातले चार जण त्यावरून कुजबुजत होते. पण ज्यानं इलाख्यात नंबर काढला त्याला तोंडावर कोण बोलणार?

उन्हं चढल्यावर दौलत आला. गावाबाहेरच्या विहिरीवर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला. बरोबर त्याच्याच वर्गातला, ठाण्याच्या एका वकिलाचा मुलगा हरिहर होता. दोघंही कॉलेजच्या फुटबॉलच्या चमूत होते आणि दौलत त्या चमूचा म्होरक्या होता. बायजा धावत पुढं झाली तसा दौलत दोन पावलं मागं सरला.

"आये, लांबूनच. मी छावनीतून आलोय."

"महिना झाला तुला बगून!"

"म्हनून तर आलो नाय ना महिनाभर. काल डाक्तर म्हनाले, जा, तुला काय नाय, तेवा आलो." मग त्यानं मांडवात नजर फिरवली. "वयनी कुठं हाय?"

"माहेराला गेली," बायजा म्हणाली. हे वाक्य तिनं मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते फार पटकन बाहेर आलं. "तिच्या बापसाला बरं नाय."

दौलतनं आईकडं पाहिलं. बायजा वळली आणि पत्रावळी मोजायला लागली.

*

काळुराम भात वाढत होता. घरचा थोरला तो. वाढायचा मान त्याचा होता आणि आज तो मान त्याच्या हातात दगडासारखा जड झाला होता.

पंगतीत हरिहर सगळ्यांबरोबर मांडी घालून बसला, तेव्हा आधी सगळे एकमेकांकडं पाहत राहिले. कायस्थाचं पोर, वकिलाचं. आगऱ्याच्या दारी जेवणार? त्यानं कोलंबीचं कालवण दुसऱ्यांदा मागितलं, तशी पंगत सैल झाली. म्हातारे त्याला विचारायला लागले, हा लाथेचा चेंडू म्हणजे असतो तरी काय.

"काका, अकरा जण इकडे, अकरा तिकडे. हात लावायचा नाही. तुमचा दौलत अनवाणी खेळतो. समोर गोऱ्या शिपायांच्या पायांत हे असे बूट! पण याचे तळवे मिठागरातले. गेल्या सामन्यात एका गोऱ्यानं याच्या पायावर बूट दिला आणि तोच लंगडत बाहेर गेला."

मांडव हसला. परशुरामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या दुपारी मुंबईत मोठा सामना आहे," हरिहर पुढं म्हणाला. "एक पलटण विलायतेला परत चालली आहे. आजवर आपल्या लोकांकडून ती हरलेली नाही. परवा त्यांची बोट सुटते. आज संध्याकाळच्या गाडीनं मी याला घेऊन जाणार. हा नसेल तर आम्ही मैदानात उतरून काय करणार?"

काळुराम वाढत पुढं सरकला. तो ठाण्याच्या शाळेत दुसऱ्या पुस्तकापर्यंत गेला होता. मग बापाला आगरात हात कमी पडले आणि शाळा सुटली. याचं त्यानं कधी दुःख केलं नव्हतं. धाकटा शिकतोय म्हणजे आपणच शिकतोय, असं तो लोकांना सांगायचा आणि ते खरंही होतं. पण आज त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. हा रोग्यांना शिवतो. हा छावणीत राहतो. आणि गाठ उठली ती माझ्या बायकोला.

पंगतीच्या टोकाला, सगळ्यांपासून जरा लांब बसलेल्या दौलतच्या पानापुढं तो आला. दौलत जेवत नव्हता.

"दादूस, वयनीच्या बापसाला काय झालं?"

"ताप."

"कधी गेली?"

"चार दिस झाले."

"मग मांडवात ही ताजी रांगोली कोनी घातली? आयेला असली येत नाय."

काळुराम पातेलं घेऊन पुढच्या पानाकडं वळला. तेवढ्यात आतून आवाज आला. क्षीण आणि घोगरा, पण मांडवापर्यंत पोचला.

"भावजीला वाढलं काय गो? भावजीला भाकरीचा पापुद्रा लागतो..."

भातावर आलेले हात थांबले. दौलत उठला आणि थेट घरात शिरला. काळुराम भाताचं पातेलं तसंच टाकून मागं धावला आणि खोलीच्या दाराशी त्याच्या आडवा उभा राहिला.

"तू आत जायाचं नाय."

"दादूस, बाजूला हो."

"तुज्यामुलं झालं हे! दुनियेची घान तू उचलतोस, आन् भरतंय कोन? माजी बायको!"

"गाठ हाय?" दौलतनं हळू विचारलं.

काळुरामाचं तोंड वाकडं झालं. तो रडत होता, ते त्याला स्वतःला उशिरा कळलं. "जांघेत," तो म्हणाला.

हा शब्द मांडवात गेला. मग नुसता पायांचा आवाज आला. कोणी निरोप घेतला नाही. परशुराम बाहेर हात जोडून म्हणत होता, "बसा रं, जेवून तरी जावा," आणि माणसं त्याच्याकडं न पाहता निघून जात होती. थोड्याच वेळात भातानं भरलेल्या पत्रावळींच्या दोन रांगांत एकटा हरिहर बसलेला उरला.

*

तुळसेला सगळं ऐकू येत होतं. पण ते पाण्याखालून ऐकल्यासारखं.

दारापाशी चार माणसं भांडत होती. आत्या म्हणत होत्या, काही झालं तरी नेऊ द्यायचं नाही. सासरे म्हणत होते, गाव आता आपल्याला वाळीत टाकणारच, मग पोरीला तरी घरात राहू दे. सासूबाई नुसत्या रडत होत्या. आणि भावजींचा आवाज होता, वर न चढणारा.

"बा, घरात ठेवली तर काय कराल? सगल्यांनी एका खोलीत राहाल. उद्या आयेला होईल. परवा तुला."

"होऊ दे," परशुराम म्हणाला. "घरच्या मानसाला मी फेकनार नाय."

"फेकायला कोन सांगतंय? मी तिच्यापाशी बसनार हाय. ती बरी होईपर्यंत हलनार नाय."

तुळसा नऊ-दहा वर्षांची असताना या घरात आली तेव्हा दौलत जेमतेम पाच वर्षांचा होता. सासूबाई आगरात गेल्या की दोघं दिवसभर एकत्र. त्याला न्हाऊ घालायची ती, आणि त्याच्याशी भांडायचीही ती. चिंध्या गुंडाळून त्यानं पहिला चेंडू केला तो तिच्याच जुन्या लुगड्याचा. इतक्या वर्षांत त्यानं तिला दिलेला शब्द मोडल्याचं तिला एकदाही आठवेना.

तिनं उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. म्हणून तिनं जमेल तेवढ्या मोठ्यानं हाक मारली.

"आत्या."

बाहेरचं बोलणं थांबलं. आवडाबाई दारात आली.

"आत्या, मालनला आपन दोघींनी पेंढ्याखाली लपवली. तापाचे तपासनीवाले घरोघर येतात म्हनून. आठवतं ना?"

"गप गो, तापात बरलतेस—"

"तापात नाय. तुमी सांगितलंत, आवाज करू नको. तिनं नाय केला. दिवसभर पानी मागितलं नाय तिनं. लोक गेल्यावर आपन पेंढा काढला तेवा ती गेलेली होती." तुळसेला दम लागला. ती थांबली, मग म्हणाली, "मी तुमच्यावर राग धरत नाय. तुमी तिला जपायलाच गेला होता. पन मला तसं नाय जायाचं."

आवडाबाई दाराच्या चौकटीला टेकत टेकत खाली बसली. तिनं पदर तोंडात कोंबला.

"भावजी," तुळसा म्हणाली, "तिकडं तेल काढतात काय?"

"नाय, वयनी. पेज देतात. बेचव असते."

तुळसेला हसू आलं. हसताना जांघेतून कळ गेली. "मग जाऊ आपन." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. काळुराम दाराआडून आत बघत होता, लहान पोरासारखा. "अवं, मला उचला. मला चालवत नाय."

काळुराम आत आला. त्यानं तिला घोंगडीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेतलं.

*

कल्याणला गाडीनं नेणं शक्य नव्हतं. ठेसनावर उतारूंची तपासणी होती आणि आजारी बाईचे तिथं हाल झाले असते. भरती लागली होती. मीठ नेण्याची होडी कोलशेतच्या बंदरावर बांधलेली होती. दौलत म्हणाला, पाण्यातूनच नेऊ.

बंदरापर्यंत हरिहर बरोबर आला. तुळसेला होडीत नीट निजवून होईपर्यंत तो गप्प होता. मग त्यानं दौलतला बाजूला घेतलं. काळुराम वल्ही लावत होता. त्याला सगळं ऐकू आलं.

"तिला पोचवून रात्रीत मुंबईला निघता नाही येणार?"

"नाही रे."

"पलटण जाईल, दौलत. असा सामना पुन्हा व्हायचा नाही. वर्षभर तू याच्यासाठी पहाटे उठून मैदानाला फेऱ्या घातल्यास."

"मला माहीत आहे." तो खाली वाकला, धोतराचा काचा पुन्हा घट्ट खोचला, त्यात गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. "ऐक. त्यांचा तो उंच बचाववाला आहे ना, तांबड्या मिशांचा. उजवीकडे वाघ आहे. डावीकडे वळायला वेळ लावतो. चेंडू नेहमी त्याच्या डाव्या बाजूनं काढ. आणि माझ्या जागेवर तू खेळ. बाकीच्यांना सांग, मी सांगितलंय."

हरिहरनं मान हलवली. जाताना त्यानं वाकून होडीतल्या तुळसेला नमस्कार केला. "येतो, वहिनी. बऱ्या व्हा."

भरतीच्या पाण्यानं होडी आपोआप आत ओढली जात होती. काळुराम वल्ही मारत होता. दोन्ही काठांना तिवराची झाडं आणि मागं भाताची रिकामी खाचरं. दौलतनं वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. चिंधी पाण्यात भिजवून तो तिच्या ओठांवर पिळत होता.

"तुला भय वाटत नाय?" काळुरामानं विचारलं. "असं हात लावायचं?"

"वाटतं. रोज वाटतं."

"मग कशाला जातोस?"

दौलतनं वहिनीच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. "पयल्या दिवशी मी नुसतं बगायला गेलतो. एक म्हातारा होता, भिवंडीकडचा. त्याची पोरं त्याला दारात ठेवून पलाली होती. त्यानं माजा हात धरला तो सोडीना. मला वाटलं, हा झोपला की जाऊ. तो झोपला तोवर दुसरा आला."

पुढं वळणावर डोंबिवलीची झाडी दिसायला लागली.

"मगाशी मी बोललो," काळुराम म्हणाला, "तुज्यामुलं झालं म्हनून..."

"माज्यामुलं झालं असतं तरी तुला बोलायचा हक्क होता, दादूस. मी म्हनून तर महिनाभर लांब राहिलो. याच्याचसाठी राहिलो."

काळुरामानं वल्ही जोरात ओढली. खूप पुढं गेल्यावर त्यानं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"वाचल काय रं?"

"ठावं नाय. येतात तेवढी सगली जगत नाय. तुला खोटं नाय सांगनार." दौलतनं चिंधी पुन्हा भिजवली. "पन काही जगतात. मी बगितलीत. उठून घरी चालत गेलेली मानसं मी बगितलीत."

*

छावणीत माडाच्या झापांच्या भिंतींच्या झोपड्या होत्या, एका रांगेत, नदीकडं तोंड करून. बायकांच्या झोपडीत गंगुबाई नावाची एक कोळीण होती. तिचा नवरा आणि दोन्ही लेक याच तापात गेले होते. तिला इथं कोणी पगारावर ठेवली नव्हती. ती आली आणि परत गेलीच नाही. तिनं काळुरामाच्या हातातून तुळसेला घेतलं नाही.

"तूच निजव," ती म्हणाली. "आन् तिथंच बस. बायकोला सोडून जानार असशील तर आताच जा, मंग मधेच उठू नको."

काळुराम बसला तो बसलाच.

पुढचे दिवस तुळसेला तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिले. डॉक्टरांचा थंड हात. गाठीवर गरम पोटीस. एकदा ती मालनशी बोलत होती आणि मालन तिला कुठंतरी बोलावत होती. दर वेळी डोळे उघडले की नवरा दिसायचा किंवा दीर. एकदा पाहिलं तर दौलत दारातल्या उजेडात पुस्तक घेऊन बसलेला. ओठ हलत होते, बोट मातीत आकडे काढत होतं. शेजारचा रोगी कण्हला, तसं त्यानं पुस्तक पालथं टाकलं आणि उठला. आणि एकदा तिनं पाहिलं ते स्वप्न असावं असंच तिला वाटलं. काळुराम एका अनोळखी म्हातारीला उचलून तिच्याखालचं फडकं बदलत होता, आणि ती त्याला शिव्या देत होती, आणि तो म्हणत होता, "झालं गो माय, झालं."

मग गाठ फुटली. ताप उतरला. गंगुबाई तिच्या तोंडात पेज घालत म्हणाली, "आता तू माज्याकडं परत यायची नाय. तुला काही होत नाय आता."

"बेचव हाय पेज," तुळसा म्हणाली.

काळुराम उठून झोपडीबाहेर गेला. त्याची पाठ बराच वेळ हलताना दिसत होती.

हरिहर आला तेव्हा तुळसा भिंतीला टेकून बसायला लागली होती. तो दोरीच्या कुंपणापलीकडून ओरडला, "हरलो रे! दोन गोलांनी!"

"आपला एकही नाही?" दौलतनं विचारलं.

"एक चढवला. तांबड्या मिशांच्या डावीकडून. मी!"

दौलतनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की सगळ्या झोपड्यांतून माणसांनी माना वळवल्या. मग तो कुंपणाशी जाऊन मातीत बसला, हरिहर पलीकडं बसला, आणि तासभर ते दोघं सामन्याबद्दल बोलत राहिले. कोण कुठं उभा होता, चेंडू कोणाकडून कोणाकडं गेला. हसता हसता मधेच दौलत नदीकडं बघत गप्प व्हायचा. तुळसेनं ते पाहिलं. याला काय सोडावं लागलं ते तिला त्या वेळी कळलं. हरिहर गेल्यावर तिनं त्याला जवळ बोलावलं.

"भावजी, माज्यापायी तुमचा सामना गेला."

"गेला," दौलत म्हणाला. त्यानं ते नाकारलं नाही. "वाईट वाटतं, वयनी. पन तिथं खेलत असतो ना, तर पाय हलले नसते माजे."

तिला घरी न्यायला बायजा आणि परशुराम होडीतून आले, तेव्हा तुळसा स्वतःच्या पायांनी कुंपणापर्यंत चालत गेली. बायजानं तिला दुरूनच पाहिलं आणि धावत येऊन तिचा हात धरला. गावानं घराशी बोलणं टाकलं होतं, विहिरीवर बायका बाजूला होत होत्या. हे सगळं सांगायचं ठरवून ती आली होती. सुनेचं तोंड पाहिल्यावर ते तिच्या ध्यानातच राहिलं नाही. परशुराम दोन्ही लेकांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला दोघांत फरक करता येत नव्हता: दोघांची दाढी वाढलेली, दोघांच्या अंगाला फिनेलचा वास.

निघायची वेळ झाली तेव्हा काळुराम होडीकडं वळला नाही.

"तू ने हिला, बा. आगर थोडे दिवस तू बग. इथं मानसं कमी हायत."

"तू?" परशुराम म्हणाला.

"दौलतला परीक्षेला जायाचं हाय. त्याच्या जागी कोनीतरी पायजे."

दौलतनं भावाकडं पाहिलं. तेवढ्यात ठाकुर्लीच्या वाटेनं एक बैलगाडी येताना दिसली.

गाडी हळूहळू येत होती. बैलांचा कासरा एका बाईच्या हातात होता. तुळसेला इथं आणल्यावर ठाकुर्लीला परतलेली आवडाबाई होती ती. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. कुंपणापासून बऱ्याच अंतरावर तिनं गाडी उभी केली आणि ती तिथंच थांबली. गाडीत पेंढा नव्हता. उघड्या फळ्यांवर गोधडी घालून तिचे यजमान दाजी तापानं पडलेले होते. ऊन लागू नये म्हणून तिनं स्वतःचं एक लुगडं वर बांधलं होतं. ठाकुर्लीपासून साऱ्या रस्त्यानं लोकांनी ते पाहिलं असणार.

कोणी काही बोलायच्या आत दौलत आणि काळुराम डोली घेऊन धावले. एकानं खांद्याखाली हात घातला, एकानं गुडघ्यांखाली. दाजींनी डोळे उघडून भाच्यांना ओळखलं.

आवडाबाई गाडीशी तशीच उभी होती. मग तुळसेनं सासूचा हात सोडला. कुंपणाची दोरी वर उचलून ती हळूहळू, थांबत थांबत गाडीपाशी गेली आणि तिनं आत्याचा हात धरला.

"या, आत्या. मी दाखवते कुठं बसायचं ते."

"मला आत जाऊ देतील?" आवडाबाईनं विचारलं. कोणी ऐकेल की काय म्हणून तिचा आवाज अगदी हळू होता.

"देतात. मोठ्यानं बोला. इथं मोठ्यानं बोललं तरी चालतं, रडलं तरी चालतं."

आवडाबाईनं झोपड्यांकडं पाहिलं. पुढं दोघं भाचे डोली घेऊन चालले होते, पावलाला पाऊल जुळवत, आतल्या माणसाला हिसका बसू नये म्हणून. तिनं तुळसेचा हात घट्ट धरला आणि तिथंच, भर उन्हात, आपल्या गेलेल्या सुनेचं, मालनचं नाव घेऊन हंबरडा फोडला.